जुन्या आवृत्तीचा हिशेब: व्हॉल्ट अपग्रेडच्या प्रकल्प नोंदी

७ एप्रिल २०२५, सोमवार

मार्चअखेरीचा फ्रीझ (बदलांवरची बंदी) उठला आणि वर्षभर पुढे ढकललेलं काम आज हातात घेतलं. आमच्या विमा-दाव्यांच्या प्रणालीत पॅन, बँक खाते क्रमांक, दवाखान्याची कागदपत्रं असं जे काही झाकून (एन्क्रिप्ट करून) ठेवायचं असतं, त्याच्या किल्ल्या हाशिकॉर्पचं व्हॉल्ट हे सॉफ्टवेअर सांभाळतं. २०१९ मध्ये ते बसवलं तेव्हा मागे कॉन्सुल या वेगळ्या सॉफ्टवेअरचं स्टोरेज लावलं होतं. व्हॉल्टचं स्वतःचं राफ्ट स्टोरेज प्रॉडक्शनसाठी तयार झालं ते १.४ आवृत्तीत, एप्रिल २०२० मध्ये. तोवर आमची घडी बसलेली होती, ती कुणी मोडली नाही. आज आम्ही १.११ वर आहोत, जायचंय १.१९ वर.

क्रम असा ठरला: आधी कॉन्सुलमधून राफ्टवर, मग आवृत्ती, मग अनसीलचं (बंद झालेलं व्हॉल्ट उघडण्याचं) काम एचएसएमकडे, म्हणजे किल्ल्या सांभाळणाऱ्या खास यंत्राकडे, आणि शेवटी किल्ल्यांच्या जुन्या आवृत्त्या निकाली काढायच्या. दोन गोष्टी एका रात्रीत बदलायच्या नाहीत, एवढं मी सुरुवातीलाच लिहून घेतलं. शेवटच्या कामाला अंदाजात एक आठवडा दिलाय.

हे सगळं आत्ताच का, तर गेल्या पावसाळ्यातली ती रात्र. दोन वाजता वीज गेली, यूपीएसने दगा दिला, सर्व्हर परत उठले पण व्हॉल्ट सील झालेलं. ते उघडायला पाचपैकी तीन कस्टोडियन (किल्लीचे हिस्से सांभाळणारे) लागतात. तिघांना झोपेतून उठवून जमवेपर्यंत सकाळचे सहा वाजले. तोवर रुग्णालयांची कॅशलेस मंजुरी बंद होती. ऑपरेशन टेबलापाशी कुणीतरी आमच्या उत्तराची वाट पाहत होतं, हे डोक्यातून जात नाही.

९ एप्रिल, बुधवार

आज कस्टोडियनची यादी तपासली आणि पोटात गोळा आला.

व्हॉल्टची मूळ किल्ली आदी शामीर यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या पद्धतीने फोडलेली असते. आमच्याकडे पाच हिस्से, त्यांतले कुठलेही तीन जमले की किल्ली तयार. दोन जमले तर काहीच हाती लागत नाही. अर्धी किल्लीसुद्धा नाही. गणित शाळेतलंच आहे. दोन बिंदूंमधून जाणारे पॅराबोला असंख्य निघतात, तिसरा बिंदू मिळाला की एकच उरतो.

कागदावर पाच नावं आहेत. एकजण २०२२ मध्ये नोकरी सोडून गेले, त्यांचा हिस्सा कुणाला दिला याची नोंद नाही. दुसऱ्या हिश्शाचा छापील कागद तिजोरीत सापडला, पण वीस-बावीस अक्षरांवर शाई उतरलेली, लागत नाही. उरले तीन. एक डेटाबेसच्या मॅडमकडे, एक माझ्याकडे, आणि तिसरा आमच्या जुन्या सरांकडे, जे गेल्या डिसेंबरात निवृत्त होऊन साताऱ्याला गेले. त्या पावसाळी रात्री धावत आलेले तिघे हेच. म्हणजे किती दिवस आम्ही एका माणसाच्या तब्येतीवर उभे होतो ते आज कळलं.

संध्याकाळी सरांना फोन केला.

“सर, तुमच्याकडचं पाकीट...”

“आहे. येताना परत द्यायचं म्हणत होतो, पण घ्यायला कोणी अधिकृत माणूसच नेमला नव्हता. असं कुणाच्याही हातात कसं देणार? बँकेच्या लॉकरमध्ये ठेवलंय. कधी येऊ?”

गाडी पाठवतो म्हणालो. नको म्हणाले, एसटीने येतो.

१५ एप्रिल, मंगळवार

सर आले. पाकिटावरची लाख शाबूत होती. आज रिकी केलं: मूळ किल्ली नवी, हिस्से नवे पाच, उंबरठा तीनच. या वेळी प्रत्येक कस्टोडियनची पीजीपी किल्ली (जिने बंद केलेलं फक्त तोच उघडू शकतो) आधी घेतली, त्यामुळे नवा हिस्सा बाहेर पडतो तोच ज्याच्या-त्याच्या किल्लीने बंद होऊन. मलाही दुसऱ्यांचा दिसत नाही. पडताळणीचा पर्याय चालू ठेवला होता. नवे हिस्से खरंच लागतात हे सिद्ध झाल्याशिवाय जुने बाद होत नाहीत. ही सोय ज्यांनी घातली त्यांनी कुठेतरी चटका खाल्लेला असणार.

रिकी आणि रोटेट यांत टीममधल्या नव्या मुलांचा गोंधळ होतो, म्हणून इथे लिहून ठेवतो. रिकी म्हणजे मूळ किल्ली आणि तिचे हिस्से बदलणं. रोटेट म्हणजे आतली, स्टोरेजवर लिहिताना वापरली जाणारी किल्ली बदलणं. ती जीसीएम या झाकण्याच्या पद्धतीने चालते आणि नॉन्स (दर वेळी जोडला जाणारा वेगळा आकडा) यादृच्छिक असेल तर एका किल्लीने २ चा ३२ वा घात, म्हणजे सुमारे ४२९ कोटी वेळांपेक्षा जास्त लिहू नये अशी निस्ट या अमेरिकी मानक संस्थेची मर्यादा आहे. व्हॉल्टच्या नव्या आवृत्त्या ती मर्यादा यायच्या आत स्वतःच फिरवून घेतात.

जुने हिस्से जाळायला सगळे निघाले होते. थांबवलं. कालपर्यंतचे स्नॅपशॉट (साठ्याच्या प्रती) जुन्याच मूळ किल्लीने बंद आहेत. ते स्नॅपशॉट आहेत तोवर जुने तीन हिस्सेही हवेत, नाहीतर ते नुसतेच जागा अडवतील. पाकिटं नव्याने लाख लावून तिजोरीत ठेवली, सरांची सही घेतली. जेवायला थांबा म्हणालो तर पाचची एसटी आहे म्हणाले.

२४ एप्रिल, गुरुवार

राफ्टची तालीम. स्थलांतर व्हॉल्ट बंद ठेवूनच करावं लागतं. स्टेजिंगवर (चाचणीच्या प्रणालीवर) सोळा मिनिटं लागली. पाच नोडचं (सर्व्हरचं) क्लस्टर ठेवलं, म्हणजे दोन पडले तरी बहुमत राहतं.

दुपारी सगळ्या विनंत्या अचानक अडकल्या. कारण ऑडिट लॉगची डिस्क भरली. व्हॉल्टचा नियम असा की ज्या विनंतीची नोंद कुठेच लिहिता येत नाही, ती विनंती तो पूर्णच करत नाही. नियम बरोबर आहे. किल्ल्यांच्या कपाटाला हाच शोभतो. चूक आमची, एकच ऑडिट यंत्रणा लावली होती. आता दोन आहेत, एक फाइल आणि एक सिसलॉग, वेगवेगळ्या डिस्कवर.

परवान्याचा विषय बैठकीत निघाला. ऑगस्ट २०२३ मध्ये हाशिकॉर्पने परवाना बदलला, आणि लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली ओपनबाओ ही वेगळी शाखा निघाली. तिचा विचार प्रामाणिकपणे झाला. आमच्याकडे एंटरप्राइझ परवाना विकत घेतलेला आहे आणि एचएसएम त्याच्यावर तपासून झालंय, म्हणून या फेरीत आहे तिथेच.

६ मे, मंगळवार

स्टेजिंग १.१९ वर. आधी स्टँडबाय नोड एकेक करून, सक्रिय नोड सगळ्यात शेवटी. खाली यायची वाट नाही: अपग्रेड झालेला डेटा जुन्या आवृत्तीला देता येत नाही, परत फिरायचं तर स्नॅपशॉटवरूनच. त्यामुळे स्नॅपशॉट नुसता काढला नाही, तो वेगळ्या क्लस्टरवर उठवून, अनसील करून, एक ओळ उलगडून पाहिली आणि मगच पुढे गेलो.

१३ मे, मंगळवार

हा दिवस विस्ताराने लिहायला हवा.

आमच्या ट्रान्झिट इंजिनात (व्हॉल्टच्या झाकण्या-उलगडण्याचं काम करणाऱ्या भागात) दोन मोठ्या किल्ल्या. एक खाते क्रमांकांची, ती दरवर्षी फिरते, म्हणजे तिची नवी आवृत्ती निघते. ऑडिटवाले विचारतात म्हणून. दुसरी पॅनची. ती २०१९ पासून एकदाही फिरलेली नाही. जुन्या स्क्रिप्टमध्ये शेरा होता: “ही फिरवू नये.” का, ते लिहिलेलं नाही. लिहिणारे आता इथे नाहीत.

स्टेजिंगवर फिरवली. दहा मिनिटांत चाचणी करणाऱ्या मुलीचा निरोप: “दादा, पॅन टाकून ग्राहक शोधला की सापडतच नाही. पण नवा ग्राहक त्याच पॅनवर तयार होतोय.”

मग उलगडलं. पॅनचा रकाना कन्व्हर्जंट पद्धतीने झाकलेला आहे. म्हणजे एकाच मजकुराचं झाकलेलं रूप दर वेळी तेच निघतं, आणि त्यामुळे झाकलेल्या रूपावरच शोध घेता येतो. पण हे ‘तेच’ फक्त एका आवृत्तीपुरतं. किल्ली फिरली की त्याच पॅनचं रूप वेगळं. शोध नव्या रूपाने घेतला जातो, डेटाबेसात जुनं बसलेलं. सापडणार कसं? आणि ‘एका पॅनवर एकच ग्राहक’ हे बंधनही डेटाबेस झाकलेल्या रूपावरूनच पाळतो, तेही मुकाट्याने निसटलं. एकही त्रुटीसंदेश आला नाही.

शेरा बरोबर होता. पण कारण न लिहिल्यामुळे सहा वर्षं एक किल्ली जागच्या जागी गंजत राहिली, आणि मी ती नेमकी त्याच भोकात फिरवली. स्टेजिंग होतं म्हणून निभावलं.

१६ मे, शुक्रवार

उपाय ठरला: शोध वेगळा, झाकणं वेगळं. पॅन साध्या पद्धतीने झाकायचा, त्याची किल्ली हवी तेव्हा फिरू द्यायची. शोधासाठी शेजारी दुसरा रकाना, त्यात पॅनचा एचमॅक, म्हणजे किल्ली वापरून मजकुरावरून काढलेली ठरावीक खूण, वेगळ्याच किल्लीने.

एकाने विचारलं, नुसता शा-२५६ हॅश (अशीच खूण) का नको, त्याला किल्लीच लागत नाही. म्हणूनच नको. व्यक्तीच्या पॅनची रचना पाहा: पहिली तीन अक्षरं कुठलीही, चौथं ‘पी’ ठरलेलं, पाचवं आडनावाचं आद्याक्षर, मग चार अंक, शेवटी एक अक्षर. सगळ्या शक्यता मिळून सुमारे ११,८८१ कोटी. आकडा मोठा दिसतो, पण चांगलं ग्राफिक कार्ड सेकंदाला शेकडो कोटी हॅश काढतं. चहा उकळेपर्यंत सगळ्या देशाच्या पॅनची यादी तयार. हॅशची तिजोरी अशा ठिकाणी पुठ्ठ्याची असते. एचमॅकला किल्ली लागते आणि ती व्हॉल्टच्या बाहेर येत नाही.

एचमॅकची किल्ली फिरवायची तर मूळ पॅन उलगडून रकाना नव्याने भरावा लागेल, तिथे आडवाट नाही. हे कारणासकट, आजच्या तारखेसह, किल्लीच्या नोंदवहीत लिहिलं. पुढच्या माणसाला नुसतं “फिरवू नये” वाचावं लागणार नाही.

जाता जाता: एचमॅक काढण्याआधी पॅन मोठ्या अक्षरांत आणून जागा काढून टाकल्या, तर ग्राहकांच्या काही जोड्या एकच निघाल्या. एकीकडे छोटी अक्षरं, एकीकडे मोठी. व्यवसायाच्या टीमला यादी दिली.

२७ मे, मंगळवार

खाते क्रमांकांची किल्ली. दरवर्षी फिरवल्याची टिक ऑडिटच्या कागदावर आहे, सहावी आवृत्ती चालू आहे. सगळ्यांचा समज असा की जुन्या आवृत्त्या रिकाम्या पडल्या असतील.

फिरवल्याने जुन्या ओळींना काहीच होत नाही. नव्या ओळी नव्या आवृत्तीने झाकल्या जातात. जुन्या ओळी जिने झाकल्या तिच्याकडेच राहतात. व्हॉल्ट उलगडताना सायफरटेक्स्टच्या (झाकलेल्या मजकुराच्या) पुढचा आवृत्तीचा ठसा पाहतो आणि ती किल्ली काढतो. कुणाला कळतही नाही, एवढं ते सहज चालतं.

कोण कुठली आवृत्ती वापरतंय हे ऑडिट लॉगमधून पाहायला गेलो. तिथे सायफरटेक्स्टही हॅश होऊन पडतं, ठसा दिसत नाही. सेटिंग बदलून उघडं करता आलं असतं, पण चालू लॉगचं स्वरूप बदलायला सुरक्षा विभाग तयार नव्हता, आणि त्यांचं मला पटलं. शेवटी डेटाबेसातच ठशाप्रमाणे मोजणी लावली. पहिल्या आवृत्तीच्या ओळी २८ लाख निघाल्या. त्याशिवाय एक जुनं अहवालांचं टेबल, एक वितरकांचं टेबल, आणि कुणीतरी २०२१ मध्ये ‘तात्पुरती’ काढलेली प्रत. ती प्रत आराखड्यात कुठेच नव्हती.

एक आठवडा दिला होता या कामाला.

३ जून, मंगळवार

रिरॅपची तालीम. ही सोय मला फार आवडते. जुनं सायफरटेक्स्ट व्हॉल्टला द्यायचं, तो आतल्या आत उलगडून नव्या आवृत्तीने झाकून परत देतो; मूळ मजकूर बाहेर येतच नाही. आमच्या कामाच्या टोकनला (स्क्रिप्टच्या ओळखपत्राला) फक्त रिरॅपची परवानगी आहे, उलगडण्याची नाही. लाखो खाते क्रमांक हलवणाऱ्या स्क्रिप्टला एकही खाते क्रमांक दिसत नाही.

ओळी ५०० च्या गठ्ठ्यांनी पाठवल्या. लिहिताना अट अशी की जुनं सायफरटेक्स्ट अजून तेच असेल तरच बदला, नाहीतर मधल्या काळात ग्राहकाने खातं बदललं असेल तर आपण त्याचं नवं खातं पुसून जुनं बसवू आणि दाव्याचे पैसे भलतीकडे जातील.

दोन गोष्टी सापडल्या. पहिली: ओळ बदलली की डेटाबेसातला ट्रिगर ‘आपला बँक तपशील बदलला आहे’ असा एसएमएस सोडतो. स्टेजिंगच्या मोबाइलवर धो-धो संदेश आले. प्रॉडक्शनवर हे झालं असतं तर लाखो लोकांची झोप उडाली असती. ट्रिगरला अट घातली. दुसरी, रकान्याची रुंदी. १८ अंकी खाते क्रमांकाचे १८ बाइट, नॉन्सचे १२, पडताळणीच्या टॅगचे १६, मिळून ४६. बेस६४ केल्यावर (अक्षरांत मांडल्यावर) ६४ अक्षरं, पुढे आवृत्तीचा ठसा ९ अक्षरांचा, एकूण ७३. रकाना नेमका ७३ चा. आवृत्ती दहावर गेली की ठसा एका अक्षराने वाढतो आणि त्या दिवशी नवं खातं नोंदवणंच बंद पडलं असतं. आत्ताच २५५ केला.

कागदपत्रांचं काम सोपं. प्रत्येक फाइलची स्वतःची डेटा-किल्ली असते, आणि ती किल्ली व्हॉल्टच्या किल्लीने झाकून फाइलशेजारी ठेवलेली असते. ४० टीबी फाइलींना हात लावायचा नाही, फक्त शेजारच्या चिमूटभर किल्ल्या रिरॅप करायच्या. मात्र कुणाच्या हाती डेटा-किल्लीच गेली असेल तर या रिरॅपने काही साधत नाही, तिथे फाइल नव्यानेच झाकावी लागेल. हे व्यवस्थापनाला स्पष्ट सांगितलं.

१९ जून, गुरुवार

एचएसएम. अनसील आता ते करेल, मध्यरात्री माणसं उठवायची नाहीत. यंत्र घेताना फिप्स १४०-३ या सुरक्षा मानकाचाच आग्रह धरला. १४०-२ ची प्रमाणपत्रं २१ सप्टेंबर २०२६ ला जुन्या यादीत जातील, आज घेऊन उद्या बदलायचं नाही.

बैठकीत एक समज दुरुस्त करायला अर्धा तास गेला. एचएसएमवर गेल्यावर पाच हिस्से राहतात, पण ते ‘रिकव्हरी’ हिस्से असतात. त्यांनी काही कामांची मंजुरी देता येते, व्हॉल्ट उघडता येत नाही. एचएसएममधली किल्ली गेली तर पाचही जण हिस्से घेऊन दारात उभे राहिले तरी डेटा गेलाच. म्हणून दुसऱ्या शहरात दुसरं एचएसएम, तीच किल्ली क्लोन करून, आणि त्याच्यावरून उठवण्याची तालीम झाल्याशिवाय प्रॉडक्शनला हात नाही.

राफ्ट आणि १.१९ गेल्या दोन शनिवारी प्रॉडक्शनवर सुखरूप झालं. एचएसएमची रात्र २१ जूनची ठरली होती, पण उद्यापासून पालख्या पुण्यात, रस्ते बंद. काही अडलं तर माणूस पोहोचायचा कसा? २८ तारीख घेतली.

२९ जून, रविवार, पहाटे ३:४०

झालं. मुद्दाम तीन नोड एकदम बंद करून चालू केले. कुणालाही फोन न करता ५२ सेकंदांत उघडले. सकाळी सरांना फोन करून सांगणार आहे.

११ जुलै, शुक्रवार

रिरॅप पूर्ण. त्यासाठी किल्ली एकदा फिरवून सातवी आवृत्ती काढली होती; पहिल्या ते सहाव्या आवृत्तीच्या ओळी शून्य, सगळं सातव्यावर. ती ‘तात्पुरती’ प्रत मालक शोधून पुसली. उलगडण्याची किमान आवृत्ती सातवर नेली. आता जुन्या आवृत्तीचं काही आलं तर व्हॉल्ट नाकारेल. दोन दिवस नकार एकही नाही.

आता ट्रिम, म्हणजे जुन्या आवृत्त्या कायमच्या नष्ट. किमान आवृत्ती परत खाली आणता येते, ट्रिम परत घेता येत नाही. वार्षिक बॅकअप टेप आमच्या धोरणाप्रमाणे ८ वर्षं ठेवतो. मी हिशेब केला: पहिली आवृत्ती २०२० पर्यंत वापरात होती, तिची शेवटची टेप मार्च २०२० ची, म्हणजे २०२८ नंतर ट्रिम.

मॅडमनी कागद पाहिला आणि म्हणाल्या, “अरे, पण यंदाच्या मार्चच्या टेपमध्ये काय आहे?”

यंदाच्या मार्चमध्ये रिरॅप झालेलंच नव्हतं. ते २८ लाख खाते क्रमांक त्या टेपवरही पहिल्याच आवृत्तीत आहेत. २०२० नंतरच्या प्रत्येक टेपवर आहेत. रिरॅप न करता काढलेल्या दर वर्षाने पहिल्या किल्लीचं आयुष्य एकेक वर्षाने वाढवलं.

१४ जुलै, सोमवार

नोंदवहीत हाताने लिहिलं: खाते किल्ली, आवृत्ती १ ते ६, ट्रिम ३१ मार्च २०३३ च्या आधी नाही; कारण, मार्च २०२५ ची वार्षिक टेप. तोवर किमान आवृत्ती खाली आणायची तर दोघांची मंजुरी, आणि तसं झालं की सुरक्षा विभागाला आपोआप सूचना. एप्रिलमधल्या रिकीपूर्वीचे स्नॅपशॉट नष्ट केले आणि त्यांच्यासोबत जुन्या हिश्शांची पाकिटंही. मॅडमची सही, माझी सही. वार्षिक रोटेशनच्या कामाच्या तिकिटात पुढची पायरी घातली: त्याच महिन्यात रिरॅप, मार्चची टेप निघायच्या आत. पुढचं रोटेशन जानेवारी २०२६.